बादशहाची नात आणि इंग्रज कप्तान : एका न घडलेल्या प्रेमाची गोष्ट



दिंद्रुडला उभं राहून समुद्रावर बोलायचं म्हणजे आमचं आम्हालाच थोडं हसू येतं. इथून समुद्र गाठायला आजही अख्खा दिवस जातो. आमच्या लहानपणी ज्यांनी समुद्र पाहिला अशी माणसं गावात बोटांवर मोजता येत. एकदोन हाजी आणि एक गिरणीत कामाला गेलेला. पुढे माजलगावचं धरण भरलं, तेव्हा एवढं पाणी एका जागी बघून आमची म्हातारी माणसं गप्पच झाली होती. तरी आजचा विषय समुद्राचा आहे, आणि त्याचा एक धागा आपल्याच मुलखातून, भीमेच्या काठावरून जातो.

आधी गोष्ट सांगतो. इंग्लंडात ती सतराशे सालानंतर फार खपली.

हेन्री एव्हरी नावाचा एक इंग्रज कप्तान. धाडसी, देखणा, थोडा बंडखोर. तो अरबी समुद्रात औरंगजेब बादशहाचं जहाज अडवतो. जहाजावर खजिना असतो, आणि खजिन्याहून मोलाची बादशहाची नात. कुणी म्हणतं मुलगी. जनानखान्याच्या पडद्याआड वाढलेली, परक्या पुरुषाचं तोंड न पाहिलेली. कप्तान दालनात शिरतो, तिला रडताना पाहतो आणि त्याचं मन विरघळतं. तो तिच्याशी रीतसर लग्न लावतो. मग दोघं मादागास्कर बेटावर जातात, तिथे तो राजा, ती राणी. मुलंबाळं होतात.

१७०९ साली लंडनमध्ये एव्हरीचं चरित्र म्हणून एक पुस्तिका निघाली, तिच्यात हे लग्न आहे. १७१२ च्या हिवाळ्यात ड्रुरी लेनच्या नाट्यगृहात त्याच्यावरून बेतलेलं नाटकसुद्धा झालं. नाटककाराने माणसांची नावं बदलली, नात्यांचा गुंता वाढवला, पण चाच्यांचा राजा आणि मुघल राजकन्या ही जोडी सोडली नाही. ती सोडली असती तर तिकिटं कुणी काढली असती?

आता एक कबुली. ही गोष्ट आम्ही स्वतः वर्गात सांगितलेली आहे. एकदा नव्हे, पुष्कळदा. ‘इतिहास आणि कल्पित’ असा एक पाठ आम्ही शिकवायचो, त्यात ही गोष्ट चवीने यायची. मुलं हसायची, तासाला रंगत यायची. एका वर्षी एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारलं, “सर, तिला कुणी विचारलं होतं का?” आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ते आजवर सलतं. निवृत्तीनंतर हातात वेळ आला तेव्हा मूळ हकीकती नीट वाचायला बसलो. त्यातून जे निघालं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी जहाज. नाव ‘गंज-ई-सवाई’. गंज म्हणजे खजिना, आणि सवाई आपल्याला सांगायला नको. सुरतेचं जहाज, बादशहाच्या मालकीचं. त्या काळी सुरतेहून अशी जहाजं दरसाल मोखा आणि जिद्द्याला जात. जाताना कापड आणि यात्रेकरू, येताना कापड विकून आलेली चांदी-सोनं आणि हज करून परतणारी माणसं. वाऱ्याच्या हिशेबाने जायचं, वाऱ्याच्या हिशेबाने यायचं. पावसाळा सरत आला की परतीची जहाजं सुरतेकडे लागत. म्हणजे लुटारूला फार हुशारी लागत नव्हती. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी ऑगस्टात जाऊन बसलं की झालं. त्या तोंडाला बाब-अल-मंदब म्हणतात. अर्थ, अश्रूंचं दार.

एव्हरी तिथे बसला होता. वर्षभरापूर्वी, मे १६९४ मध्ये, स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात ‘चार्ल्स दुसरा’ नावाच्या जहाजावर खलाशांचा पगार थकला होता. एव्हरीने त्यांना फितवलं, जहाज पळवलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘फॅन्सी’. पगार थकला की माणूस काय करेल याचा नेम नाही, हे एवढ्यापुरतं मान्य करू. तांबड्या समुद्राशी आणखी काही चाचे त्याला येऊन मिळाले. मुघल ताफा रात्रीच्या अंधारात निसटला, पण मागे राहिलेली जहाजं यांनी गाठली. आधी ‘फतेह मुहम्मद’ हे अब्दुल गफूर या सुरतेच्या बड्या व्यापाऱ्याचं जहाज, आणि मग सप्टेंबर १६९५ मध्ये, सुरत हाकेच्या अंतरावर आलेली असताना, गंज-ई-सवाई.

लढाईचं वर्णन खाफी खान करतो. हा मुघल चाकरीतला इतिहासकार. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गंज-ई-सवाईवर ८० तोफा होत्या, ४०० बंदुका होत्या आणि मोखा-जिद्द्याच्या विक्रीचे ५२ लाख रुपये होते. इंग्रजांचं जहाज त्याच्यापुढे फारच लहान. पण पहिल्याच चकमकीत मुघल जहाजावरची एक तोफ फुटली, आपलीच माणसं मेली. तेवढ्यात शत्रूचा गोळा मुख्य डोलकाठीला लागला. इंग्रज वर चढले. जहाजाचा कप्तान इब्राहिम खान खाली तळघरात पळाला. तिथे त्याने मोख्याला विकत घेतलेल्या काही तुर्की मुली होत्या, रखेल्या म्हणून आणलेल्या. त्याने त्यांच्या डोक्याला फेटे बांधले, हातात तलवारी दिल्या आणि वर जाऊन लढा म्हणाला.

खाफी खान हे कप्तानाची फजिती म्हणून लिहितो. आम्ही तिथेच थांबलो. बाजारात विकत घेतलेल्या त्या मुली, आदल्या दिवसापर्यंत एका पुरुषाच्या मालाच्या यादीत, आणि आज त्याच्याच जागी लढायला उभ्या. या जहाजावर खरोखर ‘कप्तान आणि स्त्री’ अशी गोष्ट कुठे असेल, तर ती ही आहे. तिच्यावर नाटक कुणी लिहिलं नाही.

पुढचं खाफी खान थोडक्यात सांगतो, आणि आम्हीही थोडक्यातच सांगू. आठवडाभर लूट चालली. पुरुषांचे अंगावरचे कपडेसुद्धा काढले. स्त्रियांवर अत्याचार झाले, म्हाताऱ्या-तरण्या असा भेद न करता. काही कुलीन स्त्रियांनी संधी मिळताच समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी कट्यारीने जीव दिला. मग लुटारू जहाज तसंच सोडून निघून गेले.

लग्न नाही. आणि राजकन्याही नाही. खाफी खानाच्या हकीकतीत तिचा उल्लेखच नाही.

यावर कुणी म्हणेल, खाफी खान मुघलांचा माणूस. घराण्याची बेअब्रू तो कशी लिहील? शंका रास्त आहे. म्हणून दुसरा कागद बघू. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर सर जॉन गेयर याने ऑक्टोबर १६९५ मध्ये विलायतेला पत्र लिहिलं. त्याला हे प्रकरण वाढवण्यात काडीचा फायदा नव्हता, उलट दाबण्यात होता. तो लिहितो की चाच्यांनी पैसा कुठे आहे हे वदवून घेण्यासाठी लोकांचे फार हाल केले. जहाजावर एका मोठ्या उमरावाची पत्नी होती, बादशहाच्या नात्यातली असं ऐकतो. उतारवयात मक्केची यात्रा करून परतत होती. तिचे फार हाल केले. इतर स्त्रियांवर जबरदस्ती केली. एका खानदानी माणसाच्या बायकोने आणि तिच्या दाईने त्यापायी जीव दिला.

उतारवयात. मंडळी, एवढा एक शब्द ऐका. ती म्हातारी होती.

आपल्याकडे एखादी म्हातारी पंढरीची वारी करून गावात परत येते, तेव्हा लहानथोर तिच्या पाया पडतात. तिच्या पिशवीतला बुक्का, चुरमुरे घ्यायला पोरं धावतात. हज करून आलेल्या आजीला मोहल्ल्यात हाच मान. जन्मभर पै-पै जमवलेली, सगळी कर्तव्यं उरकलेली, देवाचं देणं फेडून घरी निघालेली बाई. अशा बाईचे हाल झाले. आणि पंधरा वर्षांच्या आत लंडनमध्ये तिची सोळा-सतरा वर्षांची राजकन्या झाली, आणि ज्याच्या माणसांनी हे केलं तो तिचा नवरा झाला.

आता आमच्या मूळ विषयाचं, तत्त्वज्ञानाचं थोडं. भिऊ नका, लांबवत नाही. आपल्या नैयायिकांनी शब्द हे प्रमाण मानलं, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ठाऊक आहे आणि जे ठाऊक आहे तेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. इतिहासात असा माणूस शोधायचा कसा? आमची एक साधी कसोटी आहे. माणूस जेव्हा स्वतःच्या बाजूला जड जाईल असं सांगतो, तेव्हा त्याचं म्हणणं कान देऊन ऐकावं. खाफी खान स्वतःच्या कप्तानाला भित्रा म्हणतो. गेयर स्वतःच्या देशबांधवांना क्रूर म्हणतो. दोघांचं एकमेकांशी वैर होतं. याच धामधुमीत खाफी खान मुंबईला जाऊन इंग्रज गव्हर्नराला भेटला होता, त्या भेटीतली खडाजंगी त्याने लिहून ठेवली आहे. अशी दोन वैरी माणसं एकच गोष्ट सांगतात. आणि लग्न कोण सांगतं? ज्याला पुस्तिका विकायची आहे तो.

उरला प्रश्न राजकन्येचा. औरंगजेबाला पाच मुली. थोरली झेबुन्निसा १६८१ पासून दिल्लीला सलीमगडावर बापाच्याच कैदेत होती, १७०२ ला तिथेच वारली. बद्रुन्निसा १६७० लाच गेलेली. दोघी धाकट्या चुलत भावांना दिलेल्या. त्या या प्रकरणानंतर दहा-बारा वर्षं जगल्या. राहिली झीनतुन्निसा. ती बापाबरोबर दख्खनेत, छावणीत होती.

आणि ती छावणी कुठे होती? इथे आपला मुलूख येतो. धाराशिव ओलांडून सोलापूर जिल्ह्यात उतरलात की मंगळवेढ्याच्या वाटेवर माचणूर लागतं. भीमेचा घाट, सिद्धेश्वराचं देऊळ, शेजारी मुघलांचा किल्ला. लगतच्या ब्रह्मपुरीला बादशहाने इस्लामपुरी नाव दिलं आणि मे १६९५ पासून १६९९ च्या ऑक्टोबरपर्यंत तळ ठोकला. म्हणजे गंज-ई-सवाई लुटली गेली तेव्हा हिंदुस्थानचा बादशहा भीमेकाठी मराठ्यांशी झगडत बसला होता. सुरतेची बातमी त्याच्यापर्यंत आली ती इथे. त्याच बादशाही छावणीच्या कैदेत येसूबाईसाहेब होत्या, लहानगे शाहूराजे होते. रायगड पडल्यापासून सहा वर्षं झाली होती, आणि येसूबाईंना सुटायला अजून चोवीस वर्षं लागायची होती. ज्याच्या जहाजावरच्या बायकांची बातमी आली, त्याच्याच तंबूंत दुसऱ्यांच्या बायका कैदेत. झीनतुन्निसेने या मायलेकरांना मायेने वागवलं असं सांगतात. तेही खरंच असावं. पण कैद ती कैद.

बादशहा भडकला. यात्रेकरूंचं जहाज लुटलं गेलं होतं, हा धर्माचाही अपमान आणि तिजोरीचाही. सुरतेत लोक इंग्रजांच्या वखारीवर चालून गेले. तिथला इंग्रजांचा प्रमुख सॅम्युअल अ‍ॅन्स्ली आणि त्याची माणसं बेड्यांत पडली. सुरतेच्या सुभेदाराने ते निम्मं शिक्षा म्हणून केलं, निम्मं जमावापासून वाचवायला. जंजिऱ्याच्या सिद्दीला मुंबईवर जाण्याचा हुकूम सुटला. कंपनीचा व्यापार बुडायची वेळ आली. शेवटी यात्रेच्या जहाजांना सोबत आपली लढाऊ जहाजं द्यायचं कबूल करून इंग्रजांनी मान सोडवून घेतली.

आता लंडन. सरकारने एव्हरीवर ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. तो सापडला नाही. १६९६ मध्ये आयर्लंडला उतरला आणि नाहीसा झाला. त्याची सहा माणसं सापडली. १९ ऑक्टोबर १६९६ ला खटला उभा राहिला, आरोप गंज-ई-सवाई लुटल्याचा. एकाने गुन्हा कबूल केला. बाकीच्या पाचांबद्दल ज्यूरी काय म्हणाली? निर्दोष.

सरकारची पंचाईत झाली. बादशहाला काय तोंड दाखवायचं? मग बारा दिवसांत त्याच माणसांवर दुसरा खटला भरला. या वेळी आरोप, इंग्रज मालकाचं जहाज पळवल्याचा. त्यावर मात्र ताबडतोब दोषी. २५ नोव्हेंबरला थेम्सच्या काठी पाच जणांना फाशी दिलं.

लक्षात घ्या, हे लोक हिंदी बायकांसाठी फासावर गेले नाहीत. इंग्रज जहाजासाठी गेले. न्यायालयाच्या निकालात त्या स्त्रिया नाहीतच. आमच्यातल्या जुन्या मास्तराला मीमांसकांचं अनुपलब्धी प्रमाण आठवतं: घागर जमिनीवर दिसत नाही, म्हणून ती तिथे नाही हे आपल्याला कळतं. पण जिथे घागर असायलाच हवी होती तिथे ती नसेल, तर कुणी उचलली हेही विचारावं लागतं.

त्या पाचांत जॉन स्पार्क्स नावाचा एक होता. मरायच्या आधी तो जे बोलला ते छापलेलं आहे. जहाज चोरण्याचं पाप त्याला किरकोळ वाटत होतं. गरीब हिंदी लोकांवर आणि त्यांच्या बायकांवर आपण जे केलं त्याने जीव पोळतोय, असा त्याच्या बोलण्याचा आशय. न्यायाधीशाने जे विचारलं नाही ते फाशीच्या दोरीखालच्या खलाशाने सांगितलं. आमच्या कसोटीला हा तिसरा आप्त.

तर मग गोष्ट का तयार झाली? आम्हाला वाटतं, ती स्पार्क्सच्या बोलण्याला झाकण म्हणून बसली. कुणी ठरवून बसवली असं नाही. गोष्टी अशा ठरवून होत नाहीत. पण एव्हरी लोकांचा लाडका झाला होता. पगार बुडालेला खलाशी श्रीमंत झाला, बादशहाला नमवून गेला, सापडला नाही. अशा नायकाच्या अंगावर हा डाग कसा चालेल? मग डागाचंच लग्न लावून टाकायचं. पुढे १७२४ मध्ये चाच्यांच्या इतिहासाचं एक प्रसिद्ध पुस्तक आलं. ते म्हणतं की मादागास्करचं राज्य वगैरे सगळं झूट. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी एव्हरीला गंडवलं आणि तो मेला तेव्हा पेटीपुरतेही पैसे त्याच्यापाशी नव्हते. पण तोवर उशीर झाला होता. राजकन्या लोकांच्या मनात उतरली होती.

आता थोडं आपल्या घरचं. राग मानू नका.

कल्याणच्या सुभेदाराची सून आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो प्रसंग, ते वाक्य लहानपणापासून आपल्याला पाठ. आम्हीही शाळेत त्या नाटुकल्यात काम केलंय, भालदाराचं. पण महाराजांच्या काळच्या अस्सल कागदात तो प्रसंग सापडत नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं, महाराजांचं काही कमी केलं. उलट आहे. शत्रूच्या स्त्रीला हात लावायचा नाही, मशिदीला आणि कुराणाला धक्का लावायचा नाही, हा शिवाजी महाराजांचा कडक नियम होता, हे कोण लिहितो? हाच खाफी खान. महाराजांना शिव्या देणारा, त्यांच्या मरणाचा आनंद मानणारा. तोही एवढं कबूल करून जातो. याहून भक्कम साक्ष कुठली? गंज-ई-सवाईच्या आठवड्याबद्दल ज्या माणसाचं आम्ही मानतो, त्याच माणसाचं इथेही मानतो. मग सुंदर सुनेची गोष्ट आपल्याला हवी कशाला? आणि त्या गोष्टीतही बघा, सगळी वाक्यं पुरुषांची आहेत. तिला नाव नाही. ती येते, उभी राहते, साडीचोळी घेऊन परत जाते.

मग समुद्रावरच्या कैदेतली नाव असलेली बाई आहे का? आहे. कॅथरीन कुक. इंग्रज मुलगी, कोवळ्या वयात कारवारच्या वखारप्रमुखाला, हार्वे नावाच्या वयस्क माणसाला दिलेली. तो वारला, तिने चाऊन नावाच्या तरुणाशी लग्न केलं. हार्वेच्या इस्टेटीचा कंपनीकडे हिशेब अडकला होता. त्यासाठी दोघं मुंबईला आली आणि १७१२ च्या नोव्हेंबरात परत कारवारला निघाली. वाटेत कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने गाठलं. लढाईत चाऊनचा हात गोळ्याने उडाला, तो तिथेच मेला. तिला कुलाब्याच्या किल्ल्यात ठेवलं आणि पुढच्या वर्षी ३०,००० रुपये खंडणी घेऊन सोडलं.

इथे कान्होजींना आम्ही नायक करत नाही. खंडणीसाठी विधवा मुलीला अडकवणं हे काही पुण्यकर्म नव्हे. पण तिची किंमत ठरली, पावती झाली, ती परत गेली, पुन्हा लग्न केलं, पुढे अंजेंगोच्या हल्ल्यातून जीव वाचवून मद्रासला पोचली आणि कंपनीशी पैशावरून भांडत राहिली. तिचं नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ते वहीत आहे. कुणी तिच्यावर प्रेमकथा लिहिली म्हणून नाही. तिचं कंपनीकडे येणं होतं म्हणून. येणं असलेल्या माणसाचं नाव कारकुनाला लिहावंच लागतं. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या बायांना हे वेगळं सांगायला नको. मुकादमाच्या वहीत उचल जोडीच्या नावावर असते, आणि नाव नवऱ्याचं.

त्या विद्यार्थिनीला आम्ही तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. आज देतो. नाही बाई, तिला कुणी विचारलं नव्हतं. राजकन्या नव्हती म्हणून तिला विचारायचा प्रश्न आला नाही. आणि जी होती, ती मक्केहून येणारी म्हातारी, तिला फक्त एवढंच विचारलं गेलं की पैसा कुठे ठेवलाय.

माचणूरला कधी गेलात तर घाटावर उतरून बघा. पाणी कमी असलं की पात्र बरंच उघडं पडतं. छावणीची काही खूण आता नाही, जवारी आणि ऊस आहे.

आमची वेळ झाली. प्रश्न घेऊ. पुढच्या रांगेतल्यांनी हात खाली ठेवा थोडा वेळ. मागे दाराशी बायका उभ्या आहेत, आधी त्यांना विचारू द्या.